व्हॉल्व्हमनची फियाट

मोपाच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी फियाट तिसऱ्यांदा बंद पडली. बाबलीने खांद्यावरचा पंचा काढला, बाटलीतल्या पाण्यात भिजवला, बॉनेट उघडलं आणि तो पंचा पेट्रोलच्या पंपाला गुंडाळला. तापात माणसाच्या कपाळावर पट्टी ठेवतात तसा.

"रव आता धा मिनटां," तो म्हणाला. "थंड झाली की चलतली."

"मगाशी दोन वेळा ह्याच सांगलंस."

"मगे? चल्ली नाय?"

चालली होती. दोन्ही वेळा मिळून तीन किलोमीटर.

पठारावर ऊन होतं आणि सावलीला एक झाड नव्हतं. बाजूने टॅक्स्या सुसाट जात होत्या. एका टॅक्सीतल्या पाहुण्यांनी काच खाली करून आमचा फोटो काढला. मग मोटरसायकलवरून एक सिक्युरिटीवाला आला. बोलण्यावरून सातार्ड्याकडचा असावा.

"हयसर गाडी लावूक गावायची नाय. अरायव्हल काय डिपार्चर?"

"ता तिका इचार," बाबली बॉनेटमधून डोकं न काढता म्हणाला.

सिक्युरिटीवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारली. "नरकासुराक न्हेतास काय?"

दिवाळी दोन दिवसांवर आली होती. पेडणे तालुक्यात गावोगाव चतुर्दशीला जाळायचे नरकासुराचे पुतळे उभे राहत होते आणि जाळण्यासारखं काय मिळेल ते लोक गोळा करत होते. तरी मला राग आला.

"ह्यां इंजिन नवीन बांधलेला आसा," मी म्हणालो. "पंधरा दिवस झाले नाय."

"मगे इंजिन काढून ठेवा आणि बाकीचा जाळा," तो म्हणाला आणि गेला.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते आता सांगतो.

माझं नाव सगुण. मी वारखंडला राहतो. माझ्या बायकोचं नाव भाग्यलक्ष्मी. एवढं नाव घ्यायला कोणाला वेळ नव्हता म्हणून सगळे तिला भागी म्हणत. ती डिचोलीकडची, आमोण्याची. मला एखादी गोष्ट हवी असली की मी 'होया' म्हणायचो, तिला तीच गोष्ट 'जाय' असायची. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं आमची भांडणं यावरच झाली. पुढे तिने स्वतःचं 'जाय' सोडलं नाही आणि मला जे होया ते देत राहिली.

गेल्या वर्षी आषाढात ती गेली. सोमवारी दवाखान्यात नेली आणि गुरुवारी आणली. त्याबद्दल यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

तनया, आमची मुलगी, दुसरीत होती तेव्हा मी ही फियाट एका निवृत्त मास्तरांकडून घेतली. तेव्हापासून दर भाऊबीजेला भागी या गाडीतून आमोण्याला भावाकडे जायची. एकदा पायाला प्लास्टर होतं तेव्हाही गेली. गेल्या वर्षी सुतकाचं वर्ष होतं, सण केला नाही. गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली. पावसात इंजिन जाम झालं आणि उंदरांनी सीटमध्ये संसार मांडला.

यंदा मी इंजिन बांधून घ्यायचं ठरवलं. तनयाला ते पटलं नाही. ती म्हापशाला असते, शाळेत शिकवते.

"पपा, तू सदुसष्ट वर्षांचो. ती गाडी तुज्यापरस म्हातारी. वाटेर खंय बंद पडली जाल्यार?"

मग तिने एक गिऱ्हाईकच आणलं. गौरेश नावाचा मुलगा, पेडण्यातलाच. मोरजीला समुद्राजवळ त्याचं कॅफे आहे. त्याने टेप लावून गाडीची लांबी-रुंदी घेतली.

"काका, इंजिन नाका माका. इंजिनाक लागून गाडी रेंवेंत रुतता. फकत बॉडी जाय. बॉनेटात फर्न लावतलों. डिकींत बर्फ आनी थंडां. लोक भितर बसून फोटो काडटले."

"आणि चलवची नाय?"

"कित्याक चलवची, काका? ती आतां रिटायर."

मीही रिटायर होतो. माझ्याही डोक्यात फर्न लावतोस काय, असं विचारणार होतो, पण तनया बघत होती. शेवटी तिच्यात आणि माझ्यात ठरलं. भाऊबीजेला गाडी आपल्या चाकांवर आमोण्याला गेली आणि परत आली, तर माझ्याकडे राहील. ओढून आणावी लागली, तर गौरेशला द्यायची. मी हातावर हात मारला. इंजिन नवीन बांधलेलं होतं आणि ते बाबलीने बांधलं होतं. मला कसली भीती?

बाबलीचं गॅरेज पेडण्याच्या बाजारापासून थोडं खाली आहे. तीस वर्षं त्याने डिचोलीच्या खाणींवर ट्रक दुरुस्त केले. त्यामुळे उजव्या कानाने त्याला काही ऐकू येत नाही आणि डाव्या कानाने सोयीचं तेवढं येतं. इंजिनाचा आवाज तो हाताने ऐकतो. तळहात ठेवतो, डोळे मिटतो आणि सांगतो, दुसरो सिलिंडर आळशी आसा. चाळीस वर्षांत त्याचं निदान चुकलेलं मी पाहिलं नव्हतं.

या वेळी मात्र चुकत होतं. रोज चुकत होतं. आणि त्याचं कारण मला माहीत होतं, कारण ते कारण मीच होतो.

मी एकतीस वर्षं पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होतो. व्हॉल्व्हमन म्हणजे, गावाच्या पाइपलाइनचे व्हॉल्व्ह उघडणारा आणि बंद करणारा माणूस. हातात लांब चावी, सायकलला लटकवलेला पाइपपाना. सकाळी वारखंडची लाइन सोडायची, दोन तासांनी बंद करायची, मग नागझरची सोडायची. व्हॉल्व्ह बंद केल्यावर मी पाइपला कान लावायचो. आत टप टप ऐकू आलं, तर आणखी पाव फेरी. आवाज थांबला म्हणजे काम झालं. एकतीस वर्षं हाच माझा धर्म होता. व्हॉल्व्ह वाजतो, याचा अर्थ तो ढिला आहे.

ही सवय मी घरी घेऊन यायचो. मी बंद केलेला नळ भागीला उघडायचा नाही. मी झाकण लावलेली लोणच्याची बरणी घेऊन ती शेजाऱ्यांकडे जायची. "तुमकां सगळें घट्ट जाय," ती म्हणायची. "एक दीस सूर्याक वचून पानो मारतले."

तर बाबलीने इंजिन बांधून दिलं. मी गाडी चालू केली. टक टक टक टक.

गाडी घेऊन घरी आलो. ती त्या दिवशी फाटकाबाहेर रस्त्यावरच ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण काढलं. आत आठ व्हॉल्व्ह ओळीने बसलेले. प्रत्येकाच्या डोक्यावर एक लोखंडी बोट, बोटाच्या टोकाला स्क्रू आणि नट. बोटं हलवून बघितली, तर काही घट्ट आणि काही ढिली. हाताला कळण्याइतकी ढिली! बाबली म्हातारा झाला, असं मला वाटलं. मी पाइपपाना घेतला आणि ढिली होती ती घट्ट केली. झाकण लावलं, चालू केलं. अजून वाजत होतं. बंद करून पुन्हा उघडलं, तर मघाशी घट्ट होती त्यांतली काही आता ढिली. पाण्याच्या लाइनवर असंच होतं, इथली गळती थांबवली की पुढच्या जॉइंटला पाणी येतं. मी घाबरलो नाही. तीन वेळा झाकण उघडलं. शेवटी आठही घट्ट झाले आणि इंजिन असं गप्प झालं की चालू आहे की नाही ते आरशाच्या थरथरीवरून बघावं लागलं.

मी चहा करून घेतला आणि स्वतःवर खूश झालो. दुपारी गाडी घेऊन बाजारात गेलो आणि येताना चढावर बंद पडलो.

बाबलीला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. सांगणारही होतो. पण बॉनेट उघडताच त्याने विचारलं, "कोणी हात लायल्यान नाय मां?" तेव्हा गॅरेजात चार माणसं बसली होती. त्यांतल्या दोघांच्या घरी मी पाणी सोडलेलं होतं.

"कोण लायतलो?" मी म्हणालो.

खोटं एकदा बोलून झालं की त्याला रोज पाणी घालावं लागतं.

बाबली कामाला लागला. गाडी थंड असताना पहिल्या चावीला चालू व्हायची. तापली की जीव सोडायची. कार्बोरेटरमधून फट्ट करून शिंकायची, चढावर धापा टाकायची आणि बंद पडायची. अर्ध्या तासाने, काही झालंच नाही अशी पुन्हा चालू. बाबलीने आधी कॉइल बदलली. मग कंडेन्सर. मग कार्बोरेटर उघडून पेट्रोलमध्ये धुतला. प्लग बदलले. पेट्रोलच्या टाकीचं झाकण ढिलं ठेवून पाहिलं. तेव्हा मी म्हणालो, "ढिला ठेवून काय होणार?" त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुका कळाचा नाय."

पेडण्यातल्या लोकांनीही मदत केली. एकजण म्हणाला, पेट्रोलात पाणी आहे. यावर सगळे माझ्याकडे बघून हसले. एकाने नारळ ठेवायला सांगितला. बाबलीने नारळही ठेवला, पण रेडिएटर बदलल्यानंतर.

मोपाच्या रस्त्यावरची ती फेरी म्हणजे शेवटची परीक्षा होती. विमानतळाच्या चढावर इंजिन पुरतं तापवायचं आणि बंद पडलं की तिथेच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर दाब किती धरतात ते, बघायचं. बाबलीने प्लगच्या भोकांत गेज लावून चारी सिलिंडर तपासले आणि तिथेच रस्त्याच्या कडेला बसला.

"थंड असताना चारीय बरे होते," तो म्हणाला. "आता चारीय मेले. व्हॉल्व्ह बसनत नाय, सगुणा. मीच वायट घासलंय."

"तसा नसात."

"दुसरा काय आसात? हेड उतरूक होया. म्हापशाक मशिनीवर धाडूक होया. आणि म्हापशाचो मशिनवालो दिवाळीक बंद. भाऊबीज झाल्यार उघडतलो."

मी पंपावरचा पंचा काढून पिळला.

"चाळीस वर्षां," बाबली आपल्या तळहातांकडे बघत म्हणाला. "आता हातांकय ऐकाक येणा नाय. उद्यापसून सायकलींची पंक्चरां काढतंय. तुझी गाडी मी मारलंय. मोरजीच्या त्या पोराक सांग, न्हे म्हणान."

गाडी थंड झाल्यावर आम्ही तशीच, थांबत थांबत, गॅरेजात आणली. मी बसने घरी आलो.  माझी गाडी जाणार होती ते एक. पण बाबली शहाणा माणूस, तो स्वतःला हातांनीही बहिरा समजायला लागला होता. माझ्या पाइपपान्यामुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाइपपाना पिशवीत टाकून मी पहिल्या बसने पेडण्याला गेलो. काय बोलायचं ते वाटेत तीनदा पाठ केलं. गॅरेजात बाबली हेड उतरवायच्या तयारीने बसला होता. झाकण काढून बाजूला ठेवलं होतं आणि तो चष्मा लावून आत बघत होता. बराच वेळ बघत होता.

"सगुणा, हकडे ये."

गेलो.

"ह्ये नट बग. कडा खाल्ल्यो. दातांचे वण आसात."

आठही नटांवर पाइपपान्याच्या दातांचे वण होते. ओळीने. एकतीस वर्षं मी ज्या पान्याने गाव चालवलं, त्याचे दात मला कुठेही ओळखू आले असते.

पाठ केलेलं सगळं विसरलो. "उंदीर," मी म्हणालो. "गाडीत उंदीर होते. तुका ठावक आसा."

बाबलीने चष्मा काढला. "उंदीर."

"व्हय."

"पाइपपानो घेवन इलो?"

मी पिशवी पाठीमागे सरकवली.

"आणि आठय नट फिरवन, झाकण परत लावन, चारय बोल्ट बसवन गेलो? मेल्या, असलो उंदीर माका गॅरेजात कामाक होयो!"

मग मी सांगितलं. झाकण तीनदा उघडलं तेही सांगितलं. बाबलीने डावा कान पुढे करून सगळं ऐकलं. मला वाटलं आता हातातला पाना फेकून मारणार. तो उठला, गॅरेजाच्या दारापर्यंत गेला, समोरच्या चहावाल्याला ओरडून म्हणाला, "माझे हात बरे आसत रे! दोन चाय हाड!" आणि परत येऊन बसला.

"सगुणा, ह्यो पाण्याचो व्हॉल्व्ह न्हय. लोखंड तापला की वाढता. वाढाक जागा ठेवूक होयी. म्हणान मी थोडी फट ठेवलेलंय. थंड असताना ती फट वाजता, टक टक. तू फट बुजवलंस. इंजिन तापला, लोखंड वाढला, वाढान जातला खंय? व्हॉल्व्ह उघडोच रवलो. उघड्या व्हॉल्व्हान गाडी कशी चलतली?"

"मी म्हटलंय, वाजता म्हणजे ढिलो."

"वाजता म्हणजे बरो! हजार वेळा ह्या गाडीत बसलंस. जुना इंजिन वाजा नाय होता?"

"वाजा होता."

"तेवा खंय पानो मारलंस? सव्वीस वर्षां वाजता तां चल्ला, आणि आताच कसा टोचला?"

चहा आला. मी तो हातात धरून बसलो.

"आवाज नको होतो," मी म्हणालो.

"खंयचो?"

"ह्योच. टक टक. भागी तो वळणावरसून आयकायची. मी फाटकाकडे पोचासर फाटक उघडलेला असायचा. सव्वीस वर्षां मी घराकडे हॉर्न मारूक नाय."

बाबलीने चहाचा घोट घेतला. त्याला ऐकू आलं नसावं म्हणून मी मोठ्याने पुन्हा सांगायला गेलो, तेव्हा तो म्हणाला, "आयकलंय."

"तू इंजिन दिलंस त्या दिसा मी घराकडे गेलंय. टक टक करीत. फाटकाकडे थांबलंय आणि बसून रवलंय, मेल्या. फाटक उघडतला म्हणान. इंजिन तापासर बसलंय. मगे गाडी थयसरच ठेवलंय रस्त्यार आणि बाजूच्या वाटेन भितर गेलंय."

बाबलीने सुती चिंध्यांच्या बोळ्याने हात पुसले. आधीच स्वच्छ होते, तरी पुसले. मग म्हणाला, "आता तूच सांग. आवाज नको असलो तर गाडी चलाची नाय. गाडी चलूक होयी असली तर आवाज येतलो. दोनातला एक."

मला गौरेशचं कॅफे आठवलं. तिथे ती कधीच वाजली नसती. बॉनेटमध्ये फर्न, डिकीत बर्फ, आत कोणीतरी हसत बसलेलं. एकदम गप्प.

"सेट कर," मी म्हणालो.

"उठ मगे. हँडल मार. आणि नवाचो हिशोब कर."

नवाचा हिशोब मला तोपर्यंत माहीत नव्हता. आठ व्हॉल्व्ह असतात. इंजिन हँडलने हळूहळू फिरवायचं. जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबला जाईल त्याचा नंबर नवातून वजा करायचा, उरेल त्या नंबरची फट जमवायची. आठवा दाबला की पहिल्याची, तिसरा दाबला की सहाव्याची. म्हणजे एकजण दबलेला असतो तेव्हा त्याचा जोडीदार मोकळा असतो. दबलेल्यांनाच मी घट्ट समजलो होतो, म्हणून तर इंजिन फिरून थांबलं की प्रत्येक वेळी नवे ढिले सापडत होते.

"सात दाबलो," मी हँडल थांबवून म्हणालो.

"मगे खंयचो?"

"तीन?"

"साताचे नव करूक किती होये? शाळेत खंय होतंस?"

"दोन."

"हां. एवढोच हिशोब, तेका पाइपपानो लागणा नाय."

बाबली फटीत पत्र्याचं पातळ पान घालायचा, स्क्रू फिरवायचा, पान ओढून बघायचा. शेवटच्या व्हॉल्व्हला त्याने पान माझ्या हातात दिलं.

"घाल आणि बग. पान कसा जाऊक होया? लाजत. धावत गेला तर ढिला. जायनासा झाला तर घट्ट."

मी घातलं. पान थोडं अडलं आणि मग गेलं. बोटांना एवढंसं कळलं. आयुष्यभर मी आणखी पाव फेरी मारत आलो होतो. आताही माझा हात आपोआप पाव फेरीसाठी वळला, तेव्हा बाबलीने त्यावर चापट मारली.

"पुरो!"

इंजिन चालू केलं. टक टक टक टक. बाबलीने तळहात ठेवला, डोळे मिटले आणि हसला. मग माझ्या पिशवीतला पाइपपाना काढून स्वतःच्या कपाटात टाकला आणि कुलूप लावलं. "भाऊबीज झाली की गावतलो," म्हणाला.

भाऊबीजेला मी म्हापशाहून तनयाला घेतलं. ती मागच्या सीटवर बसली, लहानपणापासून बसायची तशीच. पुढची सीट मोकळी राहिली.  गाडी ओढून नेणाऱ्या माणसाचा नंबर तिने फोनवर काढूनच ठेवला होता. प्रत्येक चढावर ती फोन हातात घ्यायची. अस्नोड्याच्या पुढे तर तिने अंगठाही ठेवला.

"पपा, आवाज येता."

"येऊ दी."

"आदीं असोच येतालो मरे?"

"असोच."

त्यानंतर तिने फोन पर्समध्ये ठेवला. डिचोली आली, गेली, गाडी वाजत राहिली. तापल्यावर आवाज जरा कमी झाला, पण थांबला नाही. फट्ट नाही, शिंक नाही.

आमोण्याला गोपाळच्या घराकडे वळलो, तर तो आधीच रस्त्यावर येऊन उभा होता. गोपाळ म्हणजे भागीचा धाकटा भाऊ.

"भावजी, आवाज आयकलो हांवें. चाय दवरूंक सांगून भायर सरलों." एवढं बोलून तो गाडीच्या मागच्या दिव्याकडे बघत राहिला. दिव्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

दर वर्षी तो पाटावर बसायचा आणि भागी ओवाळायची. यंदा पाट मांडलाच नव्हता. सगळे अंगणात उभे, कोणाला काय करावं कळेना. गोपाळची बायको आत गेली आणि आरतीचं ताट घेऊन आली. गोपाळ म्हणाला, "कोणाक?" ती म्हणाली, "इतलीं वर्सां वन्संक हाडली कोणें?" आणि तिने फियाटला ओवाळलं. मग बॉनेटला कुंकू लावायला गेली आणि "आवय गे!" करून बोट तोंडात घातलं. बॉनेट तापलं होतं. गोपाळ हसायला लागला, तनया हसायला लागली, मीही हसलो. दीड वर्षात आमोण्याच्या त्या अंगणात आम्ही पहिल्यांदाच हसत होतो. गोपाळचे डोळे त्यातच पुसून झाले.

दुपारी जेवून निघालो. म्हापशाला तनया उतरली. दार लावण्याआधी तिने गौरेशला फोन लावला. "गाडी मेळची ना. ना, ती अजून चलता." गौरेश पलीकडून काहीतरी बराच वेळ बोलला. त्याने आता तिथे एक जुना फ्रीज उभा केला आहे म्हणे. फर्न चांगले आले आहेत.

वारखंडच्या वळणावर आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गाडी फाटकासमोर उभी केली. टक टक टक टक. सवयीने थोडा वेळ बसलो. मग इंजिन चालूच ठेवून उतरलो.

चालत येणाऱ्यासाठी कुंपणाला बाजूची वाट आहे. हे मोठं फाटक फक्त गाडीसाठी, आणि गाडी आली की ते उघडलेलंच असायचं. गाडी गॅरेजात ओढून नेली तेव्हाही ते बाबलीने उघडलं होतं. मी कडी काढली आणि ढकललं. हललं नाही. पुन्हा ढकललं. बिजागरी खाली बसली होती. गुडघा लावून फाटक थोडं वर उचललं तेव्हा ते सरकलं. हे ती दर वेळी कशी उचलत होती, हे तिने मला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर मी पाना घेऊन आलो असतो.

सोडलं की फाटक पुन्हा मिटत होतं. तिथेच गवतात एक चपटा दगड होता, एका बाजूने गुळगुळीत झालेला. मी तो पायाने फाटकाला लावला. बरोबर बसला.